पाडव्याच्या आत सगळंच ठरवू नका, भाऊ

वाशिम जिल्ह्यातल्या एका गावातून चार पानी पत्र आलं आहे. सांगणारा नवरा, लिहिणारी बायको, आणि शेवटी त्याची डाव्या हातानं केलेली सही. वाकडीतिकडी, पण पूर्ण नावाची. वय ४४. सहा एकर वावर, त्यातलं दोन एकर विहिरीखाली, बाकी कोरडवाहू. ऑक्टोबरात सोयाबीन काढताना थ्रेशरमध्ये उजवा हात गेला, मनगटाच्या चार बोटं वरून. अकोल्याला ऑपरेशन झालं, खर्चासाठी बैलजोडी विकली. घरी माय, बायको, बारावीतली पोरगी आणि आठवीतला पोरगा. गुढीपाडव्याला शेतीचं नवं साल ठरतं, आणि ‘ठोक्यानं’ देणं म्हणजे ठरलेली रक्कम घेऊन वावर सालासाठी दुसऱ्याला कसायला देणं. पत्रातला मधला भाग त्यांच्याच शब्दांत देतो:

“पाडवा आला. वावर ठोक्यानं द्याव का विकून टाकाव, काईच सुचत नाही. भाऊ म्हणते पुण्याले ये, वॉचमनची नोकरी लावून देतो. मामा म्हणते पोरीचं उरकून टाक. ज्याले हातच नाही त्यानं वावर ठेवून काय कराव? रात्री झोप नाही. कधी कधी वाटते, थ्रेशरनं हातावरच काहून सोडलं.”

भाऊ,

तुमच्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण बाकीच्या प्रश्नांना थोडा वेळ आहे, याला नाही. सरळ विचारतो, जीव द्यायचे विचार येतात का? येत असतील तर लाजू नका. एवढा मोठा घाव बसल्यावर असे विचार अनेकांना येतात आणि त्यावर उपचार आहेत. १४४१६ हा सरकारचा टेलिमानस, म्हणजे फोनवरून मानसिक आधार देणारा नंबर आहे. चोवीस तास चालू असतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते, तिथे झोपेचंही सांगा. चार महिने झोप नसलेल्या माणसाला कोणताच निर्णय नीट घेता येत नाही, मग तो वावराचा असो की पोरीचा. आणि फवारणीच्या औषधाच्या उरलेल्या बाटल्या घरात असतील तर आजच्या आज त्या घराबाहेर, दुसऱ्याच्या कुलपात जाऊ द्या. किल्ली तुमच्याकडे नको. हे मी तुमच्या भरवशावर सोडत नाही. वहिनी, हे पत्र तुम्हीच वाचून दाखवाल, तेव्हा एवढं काम तुम्ही करा.

आता दुखण्याकडे. तुम्ही एका ओळीत लिहिलंय आणि पुढे गेलात, की हात नाही तरी उजव्या हाताची करंगळी मुडपल्यासारखी दुखते, आणि हे कोणाला सांगितलं तर येडा म्हणतील. मायनं अंगारा आणून लावला, तोही याच कारणानं असावा. भाऊ, तुम्ही येडे नाही. हात किंवा पाय कापलेल्या बहुतेक लोकांना गेलेला अवयव आहे असं जाणवतं, आणि त्यातल्या पुष्कळांना तो दुखतो. हात गेला तरी मेंदूत त्या हाताची जागा शाबूत असते आणि कापलेल्या नसांची टोकं वरती खबर पाठवत राहतात. मेंदू ती खबर जुन्या पत्त्यावर नोंदवतो, म्हणून करंगळी दुखते. डॉक्टरांना हे दुखणं चांगलं ठाऊक आहे. त्यावर नसांच्या दुखण्याची वेगळी औषधं आहेत. गावातल्या दुकानातून आणलेल्या अंगदुखीच्या गोळ्या त्यावर फारशा चालत नाहीत, वर किडनी खराब करतात.

दुसरा उपाय आरशाचा आहे. १९९० च्या दशकात डॉ. व्ही. एस. रामचंद्रन या भारतात जन्मलेल्या मेंदूतज्ज्ञानं तो पुढे आणला. दीड-दोन फुटी आरसा छातीसमोर दोन्ही हातांच्या मध्ये उभा धरायचा. चकाकती बाजू डाव्या हाताकडे, उजवा हात आरशाच्या मागे. मग आरशात पाहत डावी मूठ सावकाश आवळायची, सावकाश उघडायची, बोटं एकेक करून हलवायची. आरशात उजवा हात हलताना दिसतो. रोज दहा-पंधरा मिनिटं, काही आठवडे. सगळ्यांना गुण येतो असं नाही, पण अनेकांना येतो, आणि खर्च शून्य. पहिल्यांदा फिजिओथेरपिस्टसमोर करा, कारण काही जणांना आरशात हात पाहून भडभडून येतं. अंगाऱ्यावरून मायशी भांडू नका. अंगारा लावा आणि गोळीही घ्या.

कापलेल्या उजव्या हाताच्या उरलेल्या भागाची निगा राखणं हे तुमचं सध्याचं पहिलं काम आहे, शेतीच्याही आधीचं. जखम पूर्ण भरली असेल तर रोज साबणानं धुवून कोरडा करायचा, टोकाला हलकं चोळायचं म्हणजे कातडी निबर होते, आणि कोपर दिवसातून चार वेळा पूर्ण वाकवून सरळ करायचं. हात पोटाशी धरून बसायची सवय लागली की कोपर आखडतं, मग कृत्रिम हात नीट बसत नाही. सूज उतरावी म्हणून इलॅस्टिकची पट्टी बांधतात. ती इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी तिरपी, टोकाला घट्ट आणि वर सैल बांधायची. गोल गोल आवळून बांधली तर रक्त अडतं. फिजिओथेरपिस्टला एकदा बांधून दाखवायला सांगा, पोरगी मोबाइलमध्ये व्हिडिओ काढून ठेवेल.

कृत्रिम हाताबद्दल माझं मत स्पष्ट आहे. तुम्हाला कोणी गोरापान प्लास्टिकचा पंजा दाखवला तर घ्या, लग्नाकार्यात घालायला बरा दिसतो. पण कामाचा हात तो नव्हे. कामाचा हात हुकाचा असतो. खांद्यावर पट्टा, त्याला तार, खांदा पुढे केला की हुक उघडतो. दिसायला ओबडधोबड, पण बादलीची कडी, कुदळीचा दांडा, पोत्याचं तोंड धरता येतं. मागताना “शेतीकामासाठी हुक हवा” असंच मागा. अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात अस्थिरोग विभागात विचारा. नागपूरला दिव्यांगांसाठी केंद्र सरकारचं सीआरसी नावाचं पुनर्वसन केंद्र आहे. कमी उत्पन्नाच्या लोकांना केंद्राच्या ‘एडिप’ योजनेतून साधनं मिळतात. हात मिळाला की तो वापरायचं शिक्षणही मागा. नुसता हात घेऊन आलेले लोक महिन्याभरात तो खुंटीला टांगतात. फार उशीरही करू नका. एका हातानं सगळं उरकायची सवय पक्की झाली की दुसरा हात नकोसा होतो.

आता ज्या गोष्टीवर तुम्ही अर्धं पान लिहिलंय त्याकडे येतो. चुलतभावाच्या लग्नात तुम्ही पंगतीला बसला नाहीत, घरी येऊन उपाशी झोपलात, कारण डाव्या हातानं जेवावं लागलं असतं. सदरं लिहिणारे अशा वेळी म्हणतील, लोकांकडे लक्ष देऊ नका. मी तसं म्हणणार नाही. जन्मभर डावा हात ज्या कामाला वापरला, तोच आता वरणभातात घालायचा, याची किळस तुम्हालाच येत असणार, लोकांना नंतर. म्हणून आधी न्हाणीची सोय लावा. संडासात पाण्याचा फवारा बसवून घ्या, गावातल्या प्लंबरचं तासाभराचं काम आहे. बाहेर साबण भिंतीला टांगलेल्या जाळीत ठेवा म्हणजे एका हातानं फेस होतो. नखं बारीक ठेवा. ती काढायला बायको लागेल, किंवा पाटावर पक्कं बसवलेलं नेलकटर उजव्या हाताच्या कोपरानं दाबता येतं. हे झालं की मनातली शिसारी बरीच कमी होते.

मग घरी सगळ्यांसोबत जेवा, आतल्या खोलीत एकटे नको. ताटाखाली ओलं फडकं ठेवलं की ताट सरकत नाही. भाकर वहिनींनी आधीच कुस्करून दिली तरी चालेल, किंवा चमच्यानं खा. पंगतीला बसायची वेळ येईल तेव्हा पोराला डावीकडे बसवा आणि पहिला घास घ्या. कोणी “अरे बिचारा” म्हणालं तर म्हणू द्या. गावात नवी गोष्ट दोन पंगती चालते, तिसऱ्या पंगतीला दुसराच विषय असतो.

कपड्यांचंही तसंच. नाडीच्या पायजम्याला रामराम करून इलॅस्टिकवाला घ्या. सदऱ्याची वरची दोन बटणं सोडून बाकी लावलेलीच ठेवायची आणि सदरा डोक्यावरून घालायचा. दाढी डाव्या हातानं जमते, आठ दिवस कापून घ्याल. आंघोळ, कपडे, जेवण या तीन गोष्टी दुसऱ्याच्या मदतीशिवाय होऊ लागल्या की वावराचा विचार वेगळाच होतो. म्हणूनच मी उलट्या क्रमानं सांगतोय. आपल्याकडे माणूस जायबंदी झाला की सगळे पहिला प्रश्न कमाईचा विचारतात आणि त्याला अंगावर पाणी घेता येतं का, हे कोणी विचारत नाही.

मोटारसायकलचं लिहिलंय तुम्ही, की सांजवेळी पांदणीत एका हातानं चालवून पाहिली. बंद करा. ॲक्सिलरेटर आणि पुढचा ब्रेक दोन्ही उजवीकडे असतात. गाडीत बदल करून घेतल्याशिवाय आणि लायसन्सवर तशी नोंद झाल्याशिवाय नाही.

कागदांचं एकदा सांगतो, बाजूला लिहून ठेवा. सगळ्यांत आधी दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र. अर्ज ऑनलाइन, सेतू केंद्रातूनही होतो, तपासणी जिल्हा रुग्णालयात. ४० टक्के अपंगत्व लागतं. मनगटाच्या वरून हात गेला असेल तर तुम्ही त्याच्या बरेच वर आहात. या कार्डावर एसटीत ७५ टक्के सवलत मिळते, आणि अकोल्याच्या फेऱ्या पाहता ती लगेच कामी येईल. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत एक हात गेल्यास १ लाख रुपये मिळतात. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे ३० दिवसांत करायचा असतो. तुम्ही केला की नाही हे पत्रात नाही. केला नसेल तर दवाखान्यात भरती होतो असं कारण लिहून, डिस्चार्जचा कागद जोडून आताही द्या आणि पोच घ्या. नाही म्हणायचं असेल तर त्यांनी लेखी म्हणावं. थ्रेशरवाला गावातलाच, म्हणून पोलिसात गेलो नाही, असं तुम्ही लिहिता. या योजनेत पोलीस पाटलाचा अहवालही चालतो, त्यासाठी शेजाऱ्यावर केस करायची गरज नाही.

पासबुक काढून मे महिन्याच्या शेवटी २० रुपये कापल्याची नोंद आहे का बघा. असेल तर तुमचा पंतप्रधान सुरक्षा विमा चालू होता, एका हातासाठी त्यातही १ लाख रुपये असतात, आणि पुष्कळांना आपला विमा आहे हेच माहीत नसतं. बँकेत क्लेम फॉर्म मागा, उशिराचं कारण तिथेही लिहून द्या. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांना महिना २,५०० रुपये आहेत, पण उत्पन्नाची अट आहे, तहसीलमध्ये दाखला पाहून ठरेल. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. ग्रामसभेत उभं राहून विचारा, मागच्या वर्षी ते कुठे खर्च झाले. सरपंच थोडा चुळबुळेल.

आणि सही. हे कोणी सांगत नाही आणि मग ऐन वेळी चेक परत येतो. बँकेत जाऊन नवी डाव्या हाताची सही, नाहीतर डावा अंगठा नोंदवून घ्या. आधार केंद्रात बोटांचे ठसे अपडेट करा. रेशनच्या मशीनवर डावं बोट चालतं का तेही बघून घ्या. पत्राखालची तुमची सही वाचता येते, तीच ठेवा. रोज वहीत दहा वेळा करा, म्हणजे दर वेळी सारखी येईल.

मामांना माझ्याकडून सांगा, पोरगी बारावीत म्हणजे बहुधा अठराचीही नाही, आणि अठराच्या आत लग्न लावणं गुन्हा आहे. अठरा झाली असेल तरी बापाचा हात गेला हे तिचं लग्न लावायचं कारण होऊ शकत नाही. तिची परीक्षा चालू असेल. घरातली ही बोलणी तिच्या कानावर सध्या नकोत.

पुण्याचं नको, निदान यंदा नको. तुमचा भाऊ मनापासून बोलावतोय यात शंका नाही. पण वॉचमनच्या बारा तासांच्या ड्युटीत, दहा बाय दहाच्या खोलीत, बायको-पोरांपासून लांब, न झोपणारा माणूस आणखी खचेल. उपचारही अर्धवट राहतील. वर्षभरानं हात बसवून झाल्यावर जायचं वाटलं तर जा, तेव्हा ती निवड असेल.

आता वावर. विकू नका. भावनेपोटी सांगत नाही. दुःखात विकायला काढलेल्या वावराला भाव पडून मिळतो आणि गावातल्या घेणाऱ्याला तुमची घाई बरोबर कळते. एकदा गेलेलं वावर परत आलेलं तुम्ही तुमच्या गावात किती वेळा पाहिलं? पूर्ण सहा एकर ठोक्यानं द्यावं हेही मला पटत नाही. मग तुम्ही दिवसभर ओट्यावर बसून दुसऱ्याच्या ट्रॅक्टरचा आवाज ऐकत राहाल. मी चार एकर कोरडवाहू ठोक्यानं दिलं असतं, एकाच सालासाठी, आणि विहिरीखालचे दोन एकर हाताखाली ठेवले असते. पेरणी भाड्याच्या ट्रॅक्टरनं, निंदण मजुरांकडून, डवरणीला, म्हणजे ओळींमधल्या कोळपणीला, शेजारच्याची बैलजोडी रोजानं. दोन एकरात खर्च अंगावर येत नाही.

त्या दोन एकरात तुम्ही काय करायचं? आजवर जे डोक्यानं करत होता आणि ज्याची कधी मोजदाद झाली नाही, ते सगळं. आता एप्रिलमध्ये घरचं सोयाबीन बियाणं तपासा. शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत ठेवायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, ओल टिकवायची, आठवड्यानं उघडून मोजायचं. सत्तर किंवा जास्त उगवलेले निघाले तर बियाणं पेरायच्या लायकीचं. याला एक हात पुरतो. मोजायला पोराला घ्या. जूनमध्ये पहिल्या सरीवर गावातले लोक धावत सुटतील, तेव्हा ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होईपर्यंत थांबायचं हे तुम्ही ठरवायचं. ई-पीक पाहणी, म्हणजे सातबाऱ्यावरची पिकाची नोंद, मोबाइलवर तुम्ही करायची, मंडीतला भाव तुम्ही पाहायचा, मजुरांचा हिशेब तुमच्या वहीत. फवारणी मात्र नाही. पाठीवरचा पंप एका हातानं सांभाळणं, त्यात कोवळी कातडी. २०१७ मध्ये आपल्या शेजारच्या यवतमाळात फवारणीची विषबाधा होऊन वीसच्या वर माणसं गेली, तेव्हा ती दोन्ही हातांची होती.

वहिनींनी चार पानं लिहिली आणि स्वतःबद्दल एक ओळ नाही. ऑक्टोबरपासून तुमचं पथ्यपाणी, मायचं, पोरांचं आणि वावरातला हरभरा हे सगळं त्यांच्यावर आहे. आठवड्यातला एक दिवस त्यांना माहेरी किंवा बचत गटाच्या बैठकीला जाऊ द्या, तेवढा वेळ तुम्ही माय सांभाळा. आणि लक्ष्मी मुक्ती योजनेत नवऱ्याच्या अर्जावर बायकोचं नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लागतं, त्याची फी नाही. १९९२ पासून ही योजना आहे. तलाठ्याकडे अर्ज तुम्ही नेऊन द्या, तुमच्याच नव्या सहीनं.

ठोक्याचा करार तोंडी करू नका, माणूस कितीही जवळचा असला तरी. स्टॅम्पपेपरवर, दोन साक्षीदार, किती एकर, गट नंबर, रक्कम, ती कधी द्यायची, आणि साल संपलं की वावर मोकळं करून द्यायचं ही ओळ ठळक. अर्धी रक्कम पाडव्याला आणि अर्धी दिवाळीला अशी मागा, सगळी दिवाळीवर ढकलू देऊ नका. पीक विमा आणि नुकसानभरपाई आली तर कोणाची, हे आधी लिहा, भांडणं तिथेच होतात. विहिरीचं पाणी या चार एकराला जाणार नाही, धुऱ्यावरची (बांधावरची) बाभूळ आणि आंबा तुमचाच, हेही लिहा.